उत्तर न देण्याची विद्या आणि आकुर्डीचा अपवाद

१/ ३० नोव्हेंबर २०१९. मुंबईत इकॉनॉमिक टाइम्सचा पुरस्कार सोहळा. मंचावर अमित शाह, निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल. श्रोत्यांतून ८१ वर्षांचे राहुल बजाज उठतात आणि म्हणतात की, उद्योगपती सरकारवर उघड टीका करायला भितात. हे मनात सगळ्यांच्या आहे, पण बोलणार कोणी नाही.

२/ घाबरण्याचे कारण नाही, असे उत्तर शाह यांनी तिथेच दिले. मात्र तसे वातावरण असेल तर ते सुधारावे लागेल, असेही ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सीतारामन यांनी लिहिले की, स्वतःचे ग्रह पसरवण्यापेक्षा उत्तर मिळवण्याचे चांगले मार्ग असतात. अशा गोष्टींनी राष्ट्रहिताला बाधा पोचू शकते. पुढे अनेक दिवस चर्चा झाली ती बजाज यांच्या धैर्याची.

३/ त्या प्रसंगाकडे आणखी एका बाजूने पाहायला हवे. ते वाक्य कोणत्याही चाळणीतून गाळून आलेले नव्हते. म्हणूनच ते इतके वेगळे वाटले. आज मोठ्या पदावरील व्यक्तीचे जवळपास प्रत्येक वाक्य ज्या चाळणीतून जाते, तिचे नाव ‘मीडिया ट्रेनिंग’. या धाग्यात तिचा इतिहास आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याशी तिचा संबंध.

४/ या प्रशिक्षणाची रीत साधी आहे. आधी दोन-तीन मुद्दे ठरतात. संभाव्य अडचणीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहून काढली जातात. मग कॅमेऱ्यासमोर खोटी मुलाखत होते, चित्रफीत पाहून चुका दाखवल्या जातात. मुख्य धडा ‘पूल बांधण्याचा’: प्रश्नाची दखल घ्या, “पण महत्त्वाचे हे की…” म्हणा आणि आपल्या मुद्द्यावर उतरा.

५/ अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी २००३ च्या ‘द फॉग ऑफ वॉर’ या माहितीपटात हे सूत्र उघडपणे सांगितले: विचारलेल्या प्रश्नाला नव्हे, विचारला जावा असे वाटणाऱ्या प्रश्नाला उत्तर द्या. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो विभाग सांभाळलेल्या माणसाची ही कबुली आहे, हे विसरता कामा नये.

६/ या विद्येचे मूळ औद्योगिक संघर्षात आहे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर हल्ला झाला. मृतांत स्त्रिया व मुले होती. खाण कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यातली. प्रतिमा सावरण्यासाठी आयव्ही ली यांना नेमले गेले. त्यांनी काढलेल्या पत्रकांत कामगार नेत्यांच्या मिळकतीचे चुकीचे आकडेही होते.

७/ पुढचा टप्पा दूरचित्रवाणीचा. २६ सप्टेंबर १९६० च्या केनेडी-निक्सन वादसभेने जगाला शिकवले की, काय बोललात याइतकेच कसे दिसलात हेही मोजले जाते. मराठीत हा धडा उशिरा पोचला. ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ या वाहिन्या २००७ मध्ये आल्या आणि काही सेकंदांच्या ‘बाइट’ला बाजारभाव मिळाला.

८/ त्याआधीचे चित्र पाहायचे तर सप्टेंबर १९८९ मध्ये जावे. टेल्कोच्या पिंपरी कारखान्यातील कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. अखेर पोलिसांनी त्यांना रात्री उचलले. टेल्कोची सूत्रे रतन टाटांकडे येऊन जेमतेम वर्ष होत होते. उपोषण उघड्यावर होते. कामगाराला गाठायला वार्ताहराला कोणाची परवानगी लागत नव्हती.

९/ आज चाकणच्या एखाद्या कारखान्यात तंटा झाला की प्रवेशद्वाराबाहेरच्या वार्ताहराला बहुधा एक ई-मेल मिळतो. बोलण्याचा अधिकार ठरावीक प्रवक्त्याला. मजकूर इतका गुळगुळीत की त्यात नाव, संख्या, कारण काहीच हाती लागत नाही. अंक छापण्याची घाई असते, मग तोच मजकूर बातमी होतो.

१०/ दुसरी बाजूही न्याय्य आहे. भांडवल बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याने भावावर परिणाम करणारी माहिती मुलाखतीत सहज सांगून टाकणे सेबीच्या नियमांत बसत नाही. अपघातानंतर एका बेसावध शब्दाने अफवा पसरू शकते. नीट बोलायला शिकणे हा काही गुन्हा नव्हे.

११/ आक्षेप विषमतेवर आहे. व्यवस्थापकाला प्रशिक्षण मिळते. कंत्राटी कामगाराला मिळते ती नोकरी जाण्याची भीती. एकाचे मौन कमावलेले, दुसऱ्याचे लादलेले. बातमीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात: “प्रतिक्रिया मिळू शकली नाही.”

१२/ राहुल बजाज मात्र बोलण्यात नवखे नव्हते. हार्वर्डचे व्यवस्थापन शिक्षण, १९९३ च्या ‘बॉम्बे क्लब’मधील पुढाकार, राज्यसभेचे सदस्यत्व, सावध वाक्ये त्यांना सहज जमली असती. आकुर्डीच्या कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या या गृहस्थाने ती नाकारली. मोकळेपणा हा भोळेपणा नसून निवड असू शकतो.

१३/ ४ जून २०२० रोजी राजीव बजाज यांचा राहुल गांधींशी टाळेबंदीवरील संवाद प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सांगितले की, हा संवाद करणार म्हटल्यावर परिचिताची पहिली प्रतिक्रिया होती: नको, अडचणीत याल. सर्वांत प्रभावी मीडिया ट्रेनिंग हेच. त्याला ना प्रशिक्षक लागतो, ना शुल्क.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्न साधनांचा आहे. २००७ मध्ये आकुर्डीत बजाजचे वाहन उत्पादन थांबले. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावात जनरल मोटर्सचे. पन्नास वर्षांनी अभ्यासक हे प्रसंग कशावरून लिहील? केवळ पत्रकांवरून लिहिले तर कारखाने जणू आपोआप, कोणाच्याही निर्णयाविना बंद झाले असे वाटेल.

१५/ बखर वाचताना आपण विचारतो: कोणी लिहिली, कोणासाठी, काय गाळले? मुलाखतीलाही हेच प्रश्न लावावेत. प्रश्न काय होता, उत्तर कशाचे आले, पूल कुठे बांधला? आणि या पट्ट्यात ज्यांच्या घरी निवृत्त कामगार आहेत, त्यांनी त्यांची आठवण आजच ध्वनिमुद्रित करावी. ती न गाळलेली वाक्ये इतर कोणीही जपून ठेवणार नाही.