विश्लेषण : शाळेचा दाखला परदेशी जातो, तेव्हा सोबत काय काय जातं?

घरात शाळा सोडल्याचा दाखला असेल तर एकदा काढून नीट वाचा. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, मातृभाषा, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण. अलीकडच्या दाखल्यांवर स्टुडंट आयडी आणि आधार क्रमांकाचा रकानाही असतो. जातीचं प्रमाणपत्र काढताना हा दाखला लागतो, हे खरं. पण हाच कागद स्कॅन होऊन बर्लिन, डब्लिन किंवा टोरंटोला गेला, तर तिथल्या प्रवेश कार्यालयाला त्यातलं काय लागतं? फार तर जन्मतारीख. आणि ती पासपोर्टवर असतेच.

तरीही तो जातो. कारण कन्सल्टन्सीचा मेसेज ठरलेला असतो : ‘सगळी कागदपत्रं एका पीडीएफमध्ये पाठवा.’

पेठ, सातगाव पठार, अवसरी, मंचर या पट्ट्यातून मुलं परदेशी शिकायला जातात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पठारावरच्या बटाट्याच्या पैशावर मुलं शिकली, अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, इंजिनिअरिंग घराजवळ आलं. पुढचा टप्पा जर्मनी किंवा कॅनडा. त्यासाठी लागणारी फाइल मात्र अजूनही झेरॉक्सच्या दुकानात तयार होते. दुकानाच्या कॉम्प्युटरवर मुलगा स्वतःचं जीमेल उघडतो, दहावी-बारावी, डिग्री, आधार, पॅन, वडिलांचं आयकर विवरणपत्र, सातबारा, सगळं एकत्र जोडतो आणि पाठवतो. फाइल कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये तशीच राहते. पुढे ती काउन्सेलरच्या खासगी व्हॉट्सॲपवर जाते, तिथून आणखी कुणाकडे. विद्यापीठाच्या सर्व्हरला भले दहा कुलुपं असोत, गळती त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

जात तिकडे कुणाला कळते?

‘गोऱ्यांना आपली जात काय कळणार’ हे उत्तर मी बरेचदा ऐकलं आहे. पण फाइल फक्त गोऱ्यांच्या हातात जात नाही. मधला एजंट आपला, त्याचा तिकडचा भागीदार आपला, पुढे नोकरीच्या ठिकाणचा वरिष्ठही कधी आपलाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, असं करणारं ते तिथलं पहिलं शहर. जात समुद्र ओलांडत नसती तर एका अमेरिकी शहराला हा कायदा करावा लागला नसता. मग ती ज्या कागदावर छापलेली आहे, तो कागद आपणच का पाठवायचा?

मग खरेपणा कसा तपासायचा?

परदेशी विद्यापीठांचा संशय अनाठायी नाही. बनावट कागदांचा धंदा मोठा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली, कारण एजंटांनी त्यांना दिलेली प्रवेशपत्रंच खोटी निघाली. त्यावर कॅनडाने जास्तीचे कागद मागितले नाहीत. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित कॉलेजकडून थेट पडताळून घ्यायला सुरुवात केली. या सगळ्या विषयातली मला सर्वात पटणारी गोष्ट हीच. कागद ज्याने दिला त्याला विचारा, ज्याच्या खिशात आहे त्याला दहा वेळा प्रती मागू नका. गुणांचं मूल्यांकन करणाऱ्या परदेशी संस्थाही ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट यावी असं म्हणतात, ते याच कारणाने.

आपल्याकडे यासाठी डिजिलॉकर आहे. २०१५ मध्ये सुरू झाला, राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका त्यात मिळतात, आणि त्यातली मूळ संस्थेने दिलेली कागदपत्रं कायद्याने कागदी मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. अशा फाइलवर डिजिटल सही असते. ती सही म्हणजे शाईच्या सहीचा फोटो नव्हे. फाइलमधल्या मजकुराचा गणिती ठसा काढून तो देणाऱ्या संस्थेच्या गुप्त किल्लीने बंद केलेला असतो. मजकुरातला एक आकडा बदला, ठसा जुळत नाही.

गंमत अशी की हा ठसा आपणच पुसतो. डिजिलॉकरमधली फाइल प्रिंट करून पुन्हा स्कॅन केली किंवा तिचा स्क्रीनशॉट पाठवला की सही संपली, उरलं नुसतं चित्र. ते मोबाइलवर कुणीही पाच मिनिटांत बदलू शकतो. दुसरी अडचण सीमेपलीकडची. सहीची फाइल जशीच्या तशी पाठवली तरी तिकडच्या कारकुनाच्या पीडीएफ रीडरमध्ये अनेकदा प्रश्नचिन्ह दिसतं, कारण भारतातली सही प्रमाणित करणारी मूळ यंत्रणा त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासाच्या यादीत नसते. सही खरी असते, पण तिला तिकडे कुणी ओळखत नाही. हे काम विद्यार्थ्याचं नाही, दोन देशांच्या सरकारांनी आणि विद्यापीठांनी बसून सोडवायचं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या विद्यापीठांनी ‘माय ईक्वल्स’ ही एकत्र यंत्रणा उभी केली. तिथे विद्यार्थी स्वतःच्या पदवीची लिंक ज्याला हवी त्याला देतो, समोरचा ती उघडून थेट पडताळतो. फाइलचे गठ्ठे फिरत नाहीत.

सगळं एका ठिकाणी ठेवावं का?

इथे मी थोडा साशंक आहे. आपल्या शाळांमधून सध्या ‘अपार’चे १२ अंकी क्रमांक काढले जात आहेत. मुलाची बालवाडीपासूनची नोंद एका क्रमांकाखाली, आधारशी आणि डिजिलॉकरशी जोडलेली. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण त्याला पालकांची संमती लागते, ती नाकारता येते आणि नंतर काढूनही घेता येते, हे सही करणाऱ्या किती पालकांना सांगितलं जातं?

एकत्र साठ्याचं काय होऊ शकतं, हे श्रीमंत देशांनी पाहिलं आहे. अमेरिका-कॅनडातल्या शाळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल या कंपनीच्या प्रणालीत डिसेंबर २०२४ मध्ये चोरलेल्या लॉगिनने शिरकाव झाला. टोरंटोच्या शाळा मंडळाच्या तर १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यात अडकल्या. शाळा सोडून जमाना झालेल्या माणसांच्या! कंपनीने खंडणी भरली, चोरांनी डेटा पुसल्याचं दाखवलं, आणि मे २०२५ मध्ये शाळा मंडळांना पुन्हा धमक्या आल्या.

कायदा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. युरोपात अर्ज करणाऱ्याला मात्र आजही आधार आहे. तिथल्या जीडीपीआर कायद्यानुसार कामापुरतीच माहिती मागावी लागते, आणि प्रवेश झाला नाही तर ‘माझा डेटा पुसा’ असं विद्यापीठाला लिहिता येतं. अर्जदार भारतीय असला तरी. कुणी लिहीत नाही, ही वेगळी गोष्ट.

माझी मागणी साधी आहे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने परदेशी प्रवेशासाठी वेगळा दाखला द्यावा : इंग्रजीत, डिजिटल सहीचा, जात-धर्माचा रकाना नसलेला. नोंदवहीत सगळं राहू द्या, आरक्षणासाठी ते लागतंच. फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीत नको. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे दोन दिवसांचं काम आहे, शासन निर्णयाच्या भाषेत किती दिवसांचं ते सांगता येत नाही.

तोवर एवढं करता येईल. विद्यापीठाच्या वेबसाइटवरची यादी स्वतः वाचा, एजंटने सांगितलेली नव्हे, आणि त्यात नसलेला कागद देऊ नका. ओळखीसाठी पासपोर्ट द्या. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ काढा. साध्या स्कॅनवर कुठल्या विद्यापीठासाठी आणि कुठल्या तारखेला दिलं, हे आडवं लिहा. डिजिलॉकरची फाइल मात्र हात न लावता आहे तशी पाठवा. आणि झेरॉक्सच्या दुकानातून उठताना जीमेलमधून लॉगआउट करा, डाउनलोड्समधली फाइल डिलीट करा, मग रिसायकल बिनमधूनही. दुकानदार हसेल, हसू दे.