भोजनगृहांचा ओला कचरा

गांधीबागेंतील भोजनगृहांचा ओला कचरा भांडेवाडीस धाडला, कीं आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ सद्गृहस्थांस वाटतें. वस्तुतः त्यांत निम्म्याहून अधिक पाणीच असतें. तें वाहून नेण्यांत व्यर्थ व्यय होतो, आणि दुर्गंधि मात्र भांडेवाडीच्या लेंकरांच्या वांट्यास येते. हा मला उघड अन्याय वाटतो. भोजनगृहांनीं असा कचरा होतां होईल तों आपल्याच आवारांत खत किंवा वायु करून जिरवावा, असें २०१६ च्या नियमांनींहि सांगितलें होतें.

आतां यासाठीं विजेचीं यंत्रें मिळतात. त्यांपैकीं कित्येक अन्न केवळ वाळवितात, आणि वाळलेला चुरा म्हणजे खत नव्हे! खतास हवा, ओलावा व अवधि लागतातच. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंदूर-पद्धतींत यंत्र नव्हतेंच. पालापाचोळा, शेण व माती यांचे थर, मधून मधून उलथापालथ आणि सुमारें तीन महिने, एवढेंच.

प्रभूनें पांच हजारांस जेवूं घातल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरविल्या. आमच्या टोपल्यांत तुकड्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याहि असतात. त्यापुढें उत्तम यंत्रहि हात टेंकतें. मुलांनो, ज्यांच्या घरीं असा व्यवसाय आहे त्यांनीं वडिलांस विचारावें, कीं आपल्या दुकानांत डबे किती आहेत, एक कीं दोन?