माती आधी धुवा, मग बाग करा

पूर्व लंडनमध्ये ली नदीच्या काठावर 560 एकरांचे क्वीन एलिझाबेथ ऑलिम्पिक पार्क आहे. प्रवेश फुकट. 2012 च्या ऑलिम्पिकआधी तिथे कारखाने, गोदामे, भंगाराचे धंदे होते. वर्षानुवर्षे मातीत तेल, डांबर, शिसे, आर्सेनिक, सायनाइड मुरलेले.

झाडे लावण्याआधी तिथे माती तपासली, खणली, चाळली, धुतली. विष बारीक गाळाला जास्त चिकटते, म्हणून वाळू-खडी धुऊन बाजूला काढायची. बहुतेक माती साफ होऊन तिथेच परत वापरली गेली. या कामाच्या जागेला नावच पडले ‘मातीचे हॉस्पिटल’. नर्स म्हणून मला हे फार पटले. तपासणी आधी, उपचार नंतर, आणि सजावट सगळ्यात शेवटी.

पण त्याच जागेवर क्लेज लेन नावाची सहकारी घरांची वसाहत होती. चारशेहून जास्त माणसे राहत होती. त्यांना हलवून 2007 मध्ये ती पाडली. म्हणजे ही माणसे तिथे राहत होती तोवर मातीला हॉस्पिटल नव्हते. खेळाडू येणार ठरले, तेव्हा ते निघाले!

आपल्या कितीतरी वस्त्या नाल्याकाठी, बंद कारखान्याच्या भिंतीला लागून, भंगार गल्लीत आहेत. तिथे बाग होणार म्हटले की आपण टाळ्या वाजवतो. माझे म्हणणे, बागेच्या अर्जासोबत माती तपासणीचा अहवाल मागा. आणि बाग होवो न होवो, लेकरे आज खेळतात त्या जागेची तपासणी मागा. माती धुतल्यावर ‘आता तुम्ही उठा’ म्हणणार नाहीत, हेही लेखी घ्या.

शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. म्हणून आयांनो, जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा, चपला दाराबाहेर ठेवा, कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. बॅटरी फोडण्या-वितळवण्याचे काम घरात अजिबात नको. कामावरचे कपडेही वेगळे धुवा.

नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी असते. मूल माती खात असेल किंवा घरात कुणी भंगार-बॅटरीच्या कामावर असेल, तर डॉक्टरांना हे आपणहून सांगा.