जुनी सायकल विकायची की ठेवायची, हे ठरवणार कोण?

घरात पैशाची किंवा जागेची अडचण आली की पहिली नजर बाईच्या वस्तूवर जाते. आधी अंगावरचं सोनं, मग शेळी, मग शिलाई मशीन. ‘पडूनच तर आहे’ एवढं कारण पुरतं. सध्या आमच्या घरात ही पाळी माझ्या सायकलवर आली आहे.

बावीस इंची लेडीज सायकल. १९९३ साली मानधनातून पैसे साठवून घेतली. जालन्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी बैठका तिच्या जोरावर झाल्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात गच्च बसायचा. काडीने उकरायचा आणि पुढे निघायचं. आता ओसरीवरची तिची जागा मुलाच्या मोटारसायकलला हवी आहे. जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बांधकामाच्या सळया होतात. भंगारवाला साडेचारशे द्यायला तयार आहे. दुरुस्तीवाल्याने दोन्ही टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर आणि छर्रे बदलायचे सोळाशे सांगितले.

सोळाशे घालायचे की साडेचारशे घ्यायचे? हिशेब सोपा दिसतो. पण त्यात एक रकाना धरलेलाच नाही. सायकल गेल्यावर मी जायचं कसं?

‘मुलगा सोडेल की,’ असं घरचे म्हणतात. सोडेल, नाही म्हणणार नाही. पण मग कुठे चालले, कशासाठी, किती वेळ लागेल, हे आधी सांगावं लागेल. मार खाल्लेल्या एखाद्या बाईला भेटायला जायचं असतं तेव्हा हे कुणाला सांगता येत नाही, हे आपल्या कामातल्या प्रत्येकीला माहीत आहे. जिचं चाक दुसऱ्याच्या हातात, तिची वेळही दुसऱ्याच्या हातात.

एसटी आहेच. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. पण एसटी फाट्यावर थांबते, वस्तीवर येत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या महिन्यांत ज्या घरात एकच मोटारसायकल होती, तिथे ती आधी कुणाच्या कामाला निघाली असेल, हे सांगायला नको.

१९९१ च्या सुमाराला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो बायका शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्याही होत्या. पी. साईनाथ यांनी त्यांच्याविषयी लिहिलं आहे. काहींना तर दांड्याची पुरुषी सायकलच जास्त सोयीची वाटली, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. पाणी आणणं, मुलांना पोचवणं, माल बाजारात नेणं, कुणाची वाट न पाहता होऊ लागलं.

म्हणून सायकलची आरती ओवाळावी असं मी म्हणत नाही. मुलाला मोटारसायकल आणि मुलीला सायकल, ही वाटणी आपण मुकाट्याने मान्य करता कामा नये. गुडघे दुखत असताना बाईने जालन्याच्या उन्हात पायडल मारत राहावं, यात कसली मुक्ती? सायकल विकून आणि त्यात भर घालून बाईच्या नावावर स्कूटी येणार असेल तर खुशाल विका. माझ्या साडेचारशेत स्कूटीचा आरसासुद्धा येतो की नाही, शंका आहे. म्हणून मी सोळाशे घालून सायकल ठेवते आहे. दोन-तीन किलोमीटर अजून जमतं, तेवढं मला माझं हवं आहे.

आणखी एक गोष्ट. वस्तू कुणाची, हे विकण्याआधी विचारलं पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ सांगतं की बाईला भेट मिळालेली किंवा तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. त्यात जंगम वस्तूही आल्या. स्त्रीधन ही नवऱ्याची किंवा दोघांच्या सामाईक मालकीची वस्तू नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. सायकलसाठी कुणी कोर्टात जाणार नाही. पण ‘ती माझी आहे, मी ठरवीन’ हे वाक्य घरात म्हणायला कोर्ट लागत नाही.

मला खरी काळजी आहे ती मुलींची. मानव विकास कार्यक्रमात आपल्या जिल्ह्यातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. वाटपाचे फोटो निघतात. पुढे त्या सायकलींचं काय होतं? मुलीचं लग्न ठरलं, अनेकदा वयाच्या आधीच ठरलं, की सायकल भाऊ वापरतो किंवा ती विकली जाते. सासरी भांडीकुंडी, कपाट, पलंग जातो. सायकल जाते का?

मंठा असो की भोकरदन, प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत एवढं विचारावं. गावात बायका-मुलींच्या नावाच्या सायकली किती? त्यांतल्या चालू किती? चालवतं कोण? बंद असतील त्यांच्या दुरुस्तीला बचतगटातून कर्ज द्यायला काय हरकत आहे? शेळीला देतो, मशीनला देतो, मग चाकाला का नाही? आणि एखादीने विकायचीच ठरवली, तर पैसे तिच्याच हातात पडले का, हेही विचारायला विसरू नका.