न दिसणारा धूर

दिवाळी जवळ आली की आम्ही वडीलधारी माणसे मुलांना फटाक्यांच्या धुरावर व्याख्यान देतो. मीही वर्गात दिले. त्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग मोटारींचा धूर?" मी ऐटीत म्हणालो, "मोटारींची तपासणी होते, बाळ!" हे उत्तर किती पोकळ होते, ते त्याच आठवड्यात कळले.

माझ्याकडे एक जुनी घेतलेली डिझेल मोटार आहे. तिचा एक दिवा लागला म्हणून ती गॅरेजात नेली. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, फिल्टर तुंबलाय. नवा घालाल तर लाखाच्या घरात जाल. काढूनच टाकू. कॉम्प्युटरलाही समजावतो, दिवा पुन्हा लागायचा नाही." मी भीत भीत विचारले, "आणि पीयूसी?" तो हसला. "ती होतेच!"

खोटे कशाला बोलू? दोन दिवस मी मनातल्या मनात हिशेब करीत होतो.

हा फिल्टर म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाचे मधाचे पोळेच. त्याच्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बंद असतात. म्हणून धुराला भिंतींतून झिरपूनच जावे लागते आणि काजळी आत अडकते. पुढे सुमारे ६०० अंश उष्णतेला ती जळून जाते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग धावावी लागते. घर ते शाळा, शाळा ते मंडई एवढेच धावणाऱ्या माझ्यासारख्याच्या गाडीत ती साचत राहते. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम आले. डिझेल मोटारीच्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर उतरली, ती या पोळ्याच्या जोरावर. पोळे काढले की नियम कागदावर उरतो.

आता आपली परीक्षा पाहा. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुरातून उजेड किती आरपार जातो ते मोजतात. म्हणजे धूर काळा आहे काय, एवढाच प्रश्न! पण डिझेलचे बहुतेक कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. ते काळे दिसत नाहीत, सरळ फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलच्या धुरास कर्करोगकारक ठरविले आहे. फिल्टर काढलेली, पण इंजिन बरे असलेली गाडी आपल्या परीक्षेत पास होऊ शकते. उत्तरे न वाचता नुसते अक्षर पाहून गुण द्यावेत, तशातला हा प्रकार!

इतरांनीही ठेचा खाल्ल्या आहेत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे की नाही ते पाहू लागले. लगेच आतला गर काढून डबा पुन्हा जोडून देणारे कारागीर निघाले. खोबरे खाऊन करवंटी देवापुढे ठेवावी, तसे! नेदरलँड्सने मात्र १ जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षीच्या जुलैपासून धुरातले कण मोजायलाच सुरुवात केली. तिथे करवंटी चालत नाही.

कोणी म्हणेल, "रस्त्यावर जुने ट्रक काळा धूर ओकतात, त्यांना सोडून आमच्याच मागे का?" ही तक्रार मी रोज वर्गात ऐकतो: "सर, त्यानेही कॉपी केली." दुसऱ्याच्या कॉपीने आपली कॉपी धुतली जात नाही. मात्र गाडीवाल्यांचेही एक म्हणणे खरे आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्याला डिझेल सोयीचे नाही, हे विकणाऱ्याने आधी सांगावे. फिल्टर साफ करण्याची सोय माफक दरात मिळावी. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने घडणीत असा फेरफार करण्यास मनाई आहे; पण न मोजणाऱ्या परीक्षेपुढे कायदा तरी काय करणार? पीयूसी केंद्रात कण मोजणारे यंत्र बसले पाहिजे, हीच माझी मागणी.

मी अखेर फिल्टर साफ करून घेतला. पैसे गेले, जीव हळहळला. सुट्टीनंतर त्या मुलाला बोलावून सांगणार आहे, "बाळ, माझे उत्तर चुकले होते. तपासणी अजून व्हायची आहे."