कुलगुरूंचा संदेश आणि निकालाची खिडकी

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येणारा माणूस काम घेऊन येतो. परीक्षेचे वेळापत्रक, हॉल तिकीट, निकाल, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, स्थलांतर प्रमाणपत्र, परदेशी जाणाऱ्यासाठी ट्रान्स्क्रिप्ट ही कामे ठरलेली असतात आणि त्यातल्या बहुतेकांना शेवटची तारीख असते. मुखपृष्ठावर मात्र आधी भेटतात ती पदवीदान समारंभाची सरकती छायाचित्रे, कुलगुरूंचा संदेश, मानांकनाची जाहिरात आणि त्याखाली धावणारी, ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारी सूचनांची पट्टी. अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०१० मध्ये ‘एक्सकेसीडी’ या आपल्या चित्रमालिकेत हे दुखणे दोन वर्तुळांत मांडले होते. एका वर्तुळात मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक जे शोधतात ते. दोन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे एकच गोष्ट उरते : संस्थेचे पूर्ण नाव.

हा दोष सौंदर्यदृष्टीचा नाही, मांडणीचा आहे. संकेतस्थळ बांधताना अनेक विद्यापीठे आपल्या कार्यालयाचा नकाशाच मेन्यूवर उतरवतात : प्रशासन, अधिकार मंडळे, विद्याशाखा, परीक्षा विभाग, वित्त विभाग. एखादे प्रमाणपत्र पात्रता विभाग देतो की परीक्षा विभाग, हे आतल्या माणसाला ठाऊक असते. विद्यार्थ्याला ते कळण्याचे कारण नाही. पूर्वी तो या खिडकीवरून त्या खिडकीवर खेटे घालत असे, आता एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर घालतो. ब्रिटिश सरकारने २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ सुरू केले तेव्हा खात्यांच्या नावांपेक्षा नागरिकांच्या कामांना पुढे आणले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मुखपृष्ठावर रोज नवे चित्र झळकते, पण शोधाची चौकटही तिथेच ठळकपणे दिलेली असते. मिरवणे आणि उपयोगी पडणे एकाच पानावर नांदू शकते, एवढे यावरून दिसते.

विद्यापीठांच्या संकेतस्थळांची तुलना करायची तर मोजपट्टी आधी ठरवावी लागते. रंगसंगती आणि छायाचित्रे पाहून केलेली तुलना आवडीनिवडीपलीकडे जात नाही. ‘वेबोमेट्रिक्स’ ही स्पेनमधील संशोधन संस्थेने २००४ पासून चालवलेली क्रमवारी अनेकदा उत्तम संकेतस्थळांची यादी म्हणून मिरवली जाते. प्रत्यक्षात ती विद्यापीठाचा जालावरील वावर आणि प्रभाव मोजते, वापरातली सोय नव्हे. सोय मोजण्याची साधने वेगळी आहेत आणि ती महागही नाहीत. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली वापरणाऱ्याच्या उत्तरांवरून शंभरपैकी गुण देते. ६८ च्या आसपासचे गुण सर्वसाधारण मानले जातात. जेकब नीलसन यांनी २००० मध्ये दाखवून दिले, की पाच जणांना काम देऊन नुसते निरखले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. विद्यापीठांची तुलना करतानाही हीच रीत वापरता येते : प्रत्येक विद्यापीठासाठी तीच पाच कामे, तोच साधा मोबाइल, तेच बेताचे नेटवर्क. काम पुरे झाले का, किती वेळ लागला, वाट किती वेळा चुकली, एवढे टिपले की तुलनेला पाया मिळतो.

या कसोटीवर सर्वाधिक नापास होते ते परिपत्रक. ते संगणकावर टंकलिखित होते, लेटरहेडवर छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन होऊन पीडीएफच्या रूपात संकेतस्थळावर चढते. या प्रवासात अक्षरांचे चित्र होते. चित्रातला शब्द शोधाच्या चौकटीला सापडत नाही, मोबाइलच्या पडद्यावर तो बोटांनी मोठा करत, पान डावी-उजवीकडे सरकवत वाचावा लागतो, आणि फाइलचे नाव ‘स्कॅन ००२३’ असे असेल तर ती उघडल्याशिवाय आत काय आहे हे कळत नाही. शेवटची तारीख तिसऱ्या परिच्छेदात, मुदतवाढ दुसऱ्याच परिपत्रकात, आणि पहिले परिपत्रक अजून जागेवरच. मग तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांग लागते. दुकानदाराला अर्जाची वाट पाठ असते आणि त्या वाटाडेपणाचे तो पैसे घेतो. संकेतस्थळाच्या खराब रचनेची किंमत अशी रोखीने, विद्यार्थ्याच्या खिशातून वसूल होते.

मराठी मजकुराची अडचण त्याहून खोल आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असत. तो मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका असते. युनिकोड वापरूनही पानाच्या संकेतात भाषा ‘इंग्रजी’ अशीच नोंदलेली राहिली, तर पडदावाचक आज्ञावली मराठी वाक्य इंग्रजी आवाजात वाचायला घेऊ शकते. भाषा ‘हिंदी’ नोंदवली आणि फाँटही तसाच निवडला, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळण सोडतात. भाषेच्या नोंदीची दुरुस्ती एका ओळीची असते. ती होत नाही, कारण मराठी आवृत्ती हे भाषांतराच्या टेबलाचे काम समजले जाते आणि इंग्रजी पान बदलले तरी मराठी पान जुन्याच तारखांवर थांबलेले असते.

अंध किंवा हालचालींवर मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा कायदेशीर हक्काचा प्रश्न आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधांची उपलब्धता ही घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. तांत्रिक निकषही नेमके आहेत : साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान साडेचारास एक हवे, प्रत्येक काम माउसशिवाय, केवळ कळफलकावर करता आले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१८ च्या नियमांनुसार विद्यापीठांसारख्या सार्वजनिक संस्थांना आपल्या संकेतस्थळाचा कोणता भाग अजून सुगम नाही आणि का, हे जाहीर करावे लागते. आपल्याकडे मात्र अक्षर लहान-मोठे करणारी तीन बटणे कोपऱ्यात बसवली की सुगमता साधली असे समजण्याकडे कल असतो. स्कॅन केलेल्या परिपत्रकापुढे ती बटणे निरुपयोगी आहेत.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेत विद्यार्थ्याचा आवाराशी संबंध क्वचितच येतो. तिथे संकेतस्थळ हेच आवार. पारंपरिक विद्यापीठांतही प्रवेशापासून पदवीपर्यंतची कागदपत्रे आता पडद्यावरूनच मिळवावी लागतात. त्यामुळे संकेतस्थळाची निविदा काढताना पाने आणि सजावट मोजण्याऐवजी कामांची चाचणी ही अट घालायला हवी. परिपत्रक थेट मजकूर म्हणून, शेवटची तारीख पहिल्या ओळीत आणि सही केलेली प्रत सोबत, अशी पद्धत लावायला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक पानाखाली जबाबदार विभाग आणि अद्ययावत केल्याची तारीख असावी. दर सत्राला परीक्षेच्या हंगामापूर्वी पाच विद्यार्थ्यांना, त्यांत एक दिव्यांग आणि एक मराठी माध्यमाचा, तीच पाच कामे देऊन निष्कर्ष त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत. सगळी विद्यापीठे हे आकडे मांडू लागली, की त्यांची तुलना करण्यासाठी बाहेरच्या क्रमवारीची गरज उरणार नाही.