भाकर, पाणी आणि मंद स्वर

दीर्घ आजारात, जोडीदाराच्या निधनानंतर किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अहोरात्र शुश्रूषा करताना श्रद्धावान मनालाही एक प्रश्न छळतो : देव आता कुठे आहे? हा प्रश्न मनात येणे हेच पाप, असे पुष्कळांना वाटते. आपणांसही तसे वाटत असेल, तर बायबलच्या जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याची कथा अवश्य वाचावी. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात ती आली आहे.

एलीयाची श्रद्धा दुबळी नव्हती. थोड्याच दिवसांपूर्वी कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला होता. परंतु ईजबेल राणीने त्याच्या जिवावर उठण्याची शपथ वाहिली, तेव्हा तो पळाला. बैर-शेबा येथे सेवकाला मागे ठेवून तो रानात दिवसभराची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने देवाजवळ मरण मागितले. मग थकून तिथेच झोपी गेला.

यावर देवाने काय केले, ते लक्षपूर्वक पाहावे. त्याने एलीयाची निर्भर्त्सना केली नाही, त्याला श्रद्धेचे पाठ दिले नाहीत. देवदूताने स्पर्श करून त्याला उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. एलीया जेवला, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले तेही जेवणासाठीच, कारण पुढचा प्रवास त्याच्या शक्तीबाहेरचा होता. देवाचे सान्निध्य त्याला प्रथम लाभले ते स्पर्श, अन्न, पाणी आणि झोप यांच्या रूपाने.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, पहाटे उठून पेज भरवताना, कूस बदलून देताना आपण प्रार्थनेला मुकलो अशी खंत बाळगू नका. त्या देवदूताचेच काम आपण करीत आहात. मात्र झुडपाखाली निजलेला एलीयाही आपणच आहात, हे विसरू नका. कोणी नातलग किंवा शेजारी तासभर रुग्णाजवळ बसायला तयार असेल, तर संकोच न करता ती मदत घ्यावी आणि झोपावे.

पुढे एलीया होरेब डोंगरावरील गुहेत पोहोचला. तेथे सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी प्रकटला. त्यांपैकी कशातही देव नव्हता. त्यानंतर एक शांत, मंद स्वर आला. त्या डोंगरावर एलीयाने आपले तेच गाऱ्हाणे दोनदा सांगितले आणि देवाने दोन्ही वेळा ते ऐकून घेतले. घरातील वृद्ध तीच व्यथा पुनःपुन्हा सांगू लागले, की हा प्रसंग आठवावा. शेवटी देवाने त्याला पुढचे काम नेमून दिले आणि अलीशाच्या रूपाने सोबतीही दिला.

दुःख बोलून दाखवण्याला बायबलमध्ये मज्जाव नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्यात सांत्वनाचा शेवट नाही. तरीही ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले, कारण ते सारे गाऱ्हाणे देवालाच उद्देशून आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. घरातील कोणी ‘आता नको हे जगणे’ असे वारंवार म्हणू लागले, अन्न टाकले किंवा झोप हरवली, तर ती श्रद्धेची उणीव समजू नये. एलीयाप्रमाणेच त्या व्यक्तीला आधी उपचार व सोबत हवी. विनाविलंब डॉक्टरांशी बोलावे. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मदत मिळते.

आणि रात्री निजण्यापूर्वी रुग्णाचा हात हाती घेऊन चार-पाच ओळी सावकाश मोठ्याने वाचाव्यात. विवेचन करू नये. वाचून झाल्यावर दोघांनी थोडा वेळ नुसते शांत बसावे.